बघण्याचे पैसे

जिप्सी गळते आहे हे तिच्या मालकाला सगळ्यात शेवटी कळतं, सोसायटीला आधी. कोल्हापुरात आमच्या इमारतीखाली माझ्या गाडीच्या जागेवर काळे डाग पडू लागले, तेव्हा पहिली दखल तळमजल्यावरच्या काकूंनी घेतली, मग वॉचमनने घेतली आणि महिन्याच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली ती इतिवृत्तात गेली. ज्या माणसाचं देणं मला इथे मांडायचं आहे, त्याच्याकडे मी त्या डागांमुळे पोचले. त्यामुळे इतिवृत्ताचेही आभार मानायला हवेत.

गाडी हौसेची नव्हती. मी भूजलाचं काम करते. डोंगरातले झरे हुडकायचे, त्यांचं पाणी वर्षभर मोजायचं आणि ते टिकवायला काय करता येईल ते गावाला सांगायचं. गगनबावड्याचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरही ओलांडतो आणि तरी एप्रिल उजाडला की त्याच पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर घागरी रांगेला लागतात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, सगळीकडे तीच गत. झरे असतात वर सड्यांच्या कडेला, डांबरी रस्ता असतो खाली नदीकाठाने. मधला सगळा प्रदेश लाल चिखलाचा, ओढ्यांचा आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचा. तिथे साध्या गाडीचं काम नाही.

मारुतीने जिप्सी आणली १९८५ च्या अखेरीला. सुझुकीच्या एसजे ४१० या गाडीवर बेतलेली, ९७० सीसीच्या इंजिनाची. १९९६ मध्ये तिला १३०० सीसीचं इंजिन मिळालं. लष्कराने, पोलिसांनी आणि वनखात्याने ती इतकी वर्षं वापरली की आपल्याकडे जिप्सी म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवा नाहीतर खाकी रंगच येतो. माझी लष्करातून निकालात निघालेली, लिलावानंतर दोन-तीन हात फिरून आलेली. पांढऱ्या रंगाला ओरखडा पडला की खालचा हिरवा दिसायचा. अंगाने हलकी, पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे एकसंध पोलादी अ‍ॅक्सल. ज्या पाऊलवाटेवर बैलगाडीवालाही विचार करेल, तिथून ती निवांत वर जायची.

डाग पडायचे डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला. तिथे एक पोलादी गोळा असतो. पुढची चाकं वळायला हवीत आणि वळलेल्या चाकाला इंजिनाची ताकदही पोचायला हवी, म्हणून अ‍ॅक्सलच्या टोकाला या गोळ्याच्या पोटात एक वळता सांधा बसवलेला असतो. या सगळ्या जोडणीला मेकॅनिक लोक 'नकल' म्हणतात. नकलमध्ये घट्ट ग्रीस असतं, अ‍ॅक्सलच्या नळीत पातळ गिअर ऑइल असतं आणि दोघांच्या मध्ये रबराचं एक ऑइल सील असतं. ते सील गेलं की ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीस पातळ होतं आणि काळा राडा टायरवर उतरतो.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली. तिथले सुपरवायझर माझ्याशी बोलतच नव्हते. गाडी माझी, चालवत मी आणलेली, पण प्रश्न सगळे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला, ज्याला साधी स्कूटरही येत नाही. डावं सील बदललं. थोड्या दिवसांनी उजवीकडून गळू लागलं. उजवं बदललं. मग मधल्या डिफरन्शलच्या तोंडाशी, जिथे प्रोपेलर शाफ्ट येऊन मिळतो, तिथून थेंब सुरू झाले. दर वेळी नवं सील, नवं ऑइल आणि मजुरी, असं चोख बिल. शेवटी 'जुनी गाडी आहे, गळायचीच' असा निकाल मिळाला, तोही सहकाऱ्यालाच.

झऱ्याचं पाणी मोजायला आम्ही व्ही आकाराची खाच पाडलेली लोखंडी पत्री वापरतो. त्या पत्र्या शिवाजी उद्यमनगरातला एक लेथवाला आम्हाला कापून देतो. त्याने गाडीखाली एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मामांकडं न्या. ते आधी बघत्यात, मग हात लावत्यात." शिफारस म्हणून तेव्हा मला हे वाक्य फारच मोघम वाटलं होतं.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फौंड्री, लेथ, पॅटर्नवाले, ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणारे, सगळे एकमेकांना खेटून. कागदावर डिग्री नसताना हातातल्या अकलेवर यंत्रं उभी करणाऱ्यांचं हे गाव. म्हादबा मेस्त्रींचं नाव इथे अजून अदबीने घेतात. मामा त्याच मातीतले. दोन शटरचा गाळा, बाहेर पिंपळ, आत भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याची काढलेली बाह्याकृती, म्हणजे कुठला जागेवर नाही ते संध्याकाळी एका नजरेत कळावं. वय साठीच्या पुढे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. सगळं उद्यमनगर त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. ते मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. आणि बोलले माझ्याशीच.

"कवापासनं गळतंय?" हा पहिला प्रश्न. मग पुढचे एकापाठोपाठ. गळू लागलं त्याआधी गाडी कुठे गेली होती? पाण्यात घातली होती का? पाणी किती, टायरच्या निम्म्यापर्यंत की बंपरला लागलेलं? पाण्यात उतरताना गाडी लांबून पळवून आणली होती, का थंड होती? पाण्यात उभी किती वेळ होती? सील बदलल्यावर किती दिवस कोरडी राहिली? दोन्ही वेळा तितकेच दिवस का?

मी वहीत रोज गाडीचा प्रवास लिहिते, कामाची सवय. वही काढून एकेक तारीख सांगू लागले. मामा खूश झाले. "हिकडं लोक येत्यात आनि म्हंत्यात, मामा, काल बरी हुती, आज गळतीया. तुमच्यागत लिहून कोन आनतंय?" पण गाडीला अजून हात लावला नव्हता. पोतं अंथरलं, टॉर्च घेतली आणि खाली सरकले. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "ताई, तुमी पन या की खाली. गाडी तुमची हाय." बारक्या म्हणवणाऱ्या त्यांच्या पोऱ्याने दुसरं पोतं टाकलं. मी खाली गेले.

गाडीखालचा तो पहिला धडा मला आजही जसाच्या तसा आठवतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली म्हणजे ती कशाची, हे आधी ठरवायचं. मामांनी बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि नाकाशी नेलं. मग मला करायला लावलं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. डिफरन्शलचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली तेलाचा थर फाटू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. हे मला नंतर पुस्तकात सापडलं, वास मात्र मामांनी दिला. इंजिन ऑइल जळकट आणि काळं. कूलंट बुळबुळीत, हिरवं नाहीतर लालसर, वासाला गोडुस. "चाखायचं न्हाई बरं का," मामा म्हणाले. "इख असतंय. कुत्री गोड म्हणून चाटत्यात आनि मरत्यात." ब्रेक ऑइल पातळ, रंग उडवणारं. ते असेल तर बाकी सगळी चौकशी बंद, गाडी जागची हलवायची नाही.

आमचा वास गंधकाचा निघाला. म्हणजे गिअर ऑइल. एवढं तर त्या वर्कशॉपलाही माहीत होतं.

पुढचा धडा उगमाचा. ओल दिसते तिथून तेल येत असतंच असं नाही. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून ओली जागा कितीही मोठी असो, तिच्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधायचा. तो शोधायचा तर जुनी घाण जायला हवी. बारक्याने डिझेल आणि ब्रशने पूर्ण पुढचा अ‍ॅक्सल धुतला, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवला. मग मामांनी फळीवरून चेहऱ्याला लावायच्या पावडरीचा डबा काढला. मला वाटलं घाम पुसून लावताहेत. त्यांनी ती पावडर नकलवर, अ‍ॅक्सलवर, डिफरन्शलच्या तोंडावर भुरभुरवली. काळं लोखंड पांढरं झालं.

"आता जावा. कात्यायनीच्या बाजूला कच्चा चढ हाय, फोर बाय फोर टाकून दोन-चार चकरा मारा. रमत यायचं न्हाई, तापवूनच आना."

तापवून आणली. गाडी उभी करते न करते तोच मामा खाली. पांढऱ्या पावडरीत तेलाने आपली वाट स्वतःच आखली होती. डाव्या नकलच्या खालच्या ओठाशी एक करडी रेघ, उजव्याला तशीच पण बारीक, डिफरन्शलच्या तोंडाशी एक चंद्रकोर. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी, आणि त्यातली दोन सीलं नवी. मामा गप्प झाले. मग त्यांनी अ‍ॅक्सलवर हाताची मागची बाजू टेकवली, पटकन काढली आणि बारक्याकडे पाना मागितला. अ‍ॅक्सलच्या पाठीवर, डिफरन्शलच्या फुगवट्याजवळ, चिखलाच्या ढेकळाखाली काहीतरी होतं. ते ढेकूळ त्यांनी नखाने उडवलं आणि आतलं बोंड पान्याने अर्धा आटा सैल केलं.

फुस्स.

बारीक, पण स्पष्ट. टायरचा व्हॉल्व्ह दाबल्यावर येतो तसला आवाज. मामांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसले. "सील बिचारं काय करंल? आत कोंडलंय."

त्या बोंडाला ब्रीदर म्हणतात. अ‍ॅक्सलच्या नळीत तेल असतं आणि तेलावर हवा असते. गाडी चालली की तेल तापतं, हवाही तापते आणि फुगते. तिला जायला वाट म्हणून हे छोटं भोक. ते बुजलं तर काय होतं याचा हिशेब मी त्या रात्री घरी बसून केला. तीस अंशांची हवा ऐंशीपर्यंत तापली तर कोंडलेल्या जागेत दाब साधारण एक षष्ठांशाने वाढतो. चाकात आपण चोवीस-पंचवीस पौंड हवा भरतो, त्या मापाने हे जेमतेम अडीच पौंड. ऐकायला काहीच नाही. पण ऑइल सीलचा ओठ शाफ्टवर नुसता टेकलेला असतो. मागच्या बारीक स्प्रिंगचं वेटोळं त्याला दाबून धरतं आणि ओठाखाली तेलाचा केसाहून पातळ थर असतो. ओठ जरा कडक झालेला असेल तर एवढा दाबही त्याला पुरतो. आणि सगळ्यांत दुबळं सील जिथे असेल तिथून तेल निघतं. डावं बदललं तर उजवीकडून, उजवं बदललं तर तोंडाकडून. मोठ्या वर्कशॉपने काम खोटं केलं नव्हतं. जिथे ओल दिसली तिथे नवं सील घातलं, एवढंच.

गोष्ट इथे संपली असती, पण मामांनी पाण्याचे प्रश्न विचारले होते त्याचं कारण वेगळं होतं. त्यांनी खालचा ड्रेन प्लग उघडला. आलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. गरम अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर उघडा असता तर वरून हवा आली असती. तो बंद, म्हणून अ‍ॅक्सल त्याच सीलांमधून पाणी आत ओढून घेतो. "चढाला त्याल भाईर, वड्याला पानी आत," मामा म्हणाले. "आनि पान्यावर बेरिंग किती दिस चालंल?" गळतीचा डाग सगळ्यांना दिसत होता. आत शिरणारं पाणी कुणालाच दिसत नव्हतं, आणि गाडी त्यानेच मेली असती, डागाने नाही.

दुरुस्ती पुढच्या दोन दिवसांत झाली. घोड्यांवर गाडी उचलली, चाक काढलं, हब उतरवला. एकेक भाग जुन्या वर्तमानपत्रावर निघाला त्याच क्रमाने मांडत गेले. नकलच्या वरच्या आणि खालच्या पिनेखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. वरच्या खाली गेल्या की सगळं माप बिघडतं. मामांनी वरच्यांना सुतळीचा लाल तुकडा बांधला, खालच्यांना पांढरा. शाफ्ट बाहेर आल्यावर डिझेलने धुऊन त्यांनी तो माझ्या हातात दिला. "सील बसतंय तितं नख फिरवा. अडकतंय?" अडकलं. वर्षानुवर्षं एकाच जागी ओठ घासून लोखंडावर बारीक चर पडली होती, डोळ्यांना न दिसणारी. त्या चरीवर कितीही नवं सील बसवलं तरी ते आज ना उद्या पाझरणारच. उपाय साधा. नवं सील दीड-दोन मिलिमीटर अलीकडे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. सील ठोकायला त्यांनी जुन्या बेरिंगची बाहेरची कडी घेतली, बरोब्बर त्याच मापाची, आणि हातोडीने चारी बाजूंना सारखं टकटक करत बसवलं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीसचं बोट. उजवीकडचं सील त्यांनी मला ठोकायला लावलं. ते आजही कोरडं आहे.

ब्रीदरचं काम राहिलं होतं. ते बोंड रॉकेलमध्ये बुडवलं, हवा मारली, आतून लाल माती निघाली. जांभ्याची, आमच्याच सड्यांवरची. मग तिथून एक रबरी नळी काढून बॉनेटखाली वर नेली आणि टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावला, म्हणजे पाणी कितीही वर आलं तरी श्वास मोकळा. मागच्या अ‍ॅक्सललाही तेच केलं. सगळं मिळून अर्धा तासही लागला नसेल.

बिल पेन्सिलीने लिहिलेलं आलं. सीलं, ऑइल, ग्रीस, रबरी नळी, दोन फिल्टर, खोलजोड मजुरी. पावडर टाकून शोधलं, प्रश्न विचारले, कान लावून फुस्स ऐकलं, त्याचं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मामा, दुखणं शोधायचे पैसे?"

"बघायचं कुठं पैसं असत्यात व्हय?" ते म्हणाले. "काम केलं त्येचं घेतलं की."

मी जरा वाद घातला. सील बदलणं कुणालाही येतं, तुम्ही बघितलंत म्हणून गाडी वाचली, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बारक्याला चहा सांगितला. हा त्यांचा नियम होता आणि नियमाची मीमांसा करायला त्यांना वेळ नव्हता. पुढे गाळ्यावर बसून मी पाहिलं की तो सगळ्यांना सारखा होता. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला, रिक्षावाल्याला, मोठ्या गाडीतून आलेल्या कारखानदाराला. कित्येक जण नुसतं दाखवून निघून जात आणि काम दुसरीकडे करत. मामांना त्याचं काही नव्हतं.

माझं देणं मात्र वाढत गेलं. एका पावसाळ्यात भुदरगडच्या आतल्या भागात त्याच डाव्या चाकाशी पुन्हा ओल दिसली. सोबतचा गावातला पोरगा म्हणाला, "परत ते सील." मी वास घेतला. गंधक नाही. डोंगराच्या एका कोपऱ्यावर फोनला रेंज येत होती, तिथून मामांना लावला. ते म्हणाले, "पेल्यात पानी घ्या. बोटावरचं थेंबभर त्यात सोडा. तरंगलं तर त्याल, मिसळून गेलं तर ब्रेक." मिसळून गेलं. ब्रेकच्या रबरी नळीला दगडाने चीर पाडली होती. "जाग्यावरनं हलायचं न्हाई ताई. चढ असू दे न्हाईतर उतार."

दुसऱ्या दिवशी गारगोटीकडच्या एसटीत कंडक्टरकडे एक पुडकं आलं. नवी नळी, तांब्याच्या वॉशर आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. डब्याला चिठ्ठी, बारक्याच्या अक्षरात: फोडलेला डबा मुद्दाम पाठवला नाही, तो हवेतलं पाणी पितो. नळी मी बसवली. हवा काढायला गावातला पोरगा पेडल दाबत होता, मी चाकामागचं निपल उघडत-मिटत होते, आणि मामा फोनवर दोघांनाही तालात धरत होते. कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी नळीचे आणि डब्याचे पैसे घेतले. कंडक्टरला चहापाण्याचे दिले होते ते मात्र मोजू दिले नाहीत.

नंतर त्यांनी माझ्याकडून वसुली सुरू केली, ती अशी. एका सकाळी आमच्या कार्यालयात तिघं जण आले. वरच्या अंगाच्या एका वाडीतले, मामांच्या बहिणीचं ते सासर. त्यांच्या झऱ्याचं पाणी निम्म्यावर आलं होतं. बसल्या बसल्या त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी निरोप सांगितला, "मामांनी सांगितलंय, ताईंना म्हणावं बघायचं पैसं घिऊ नका."

मी गेले. झरा सड्याच्या कडेला. आमच्याकडचे सडे जांभ्याचे, सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो. जांभ्याच्या तळाशी मातकट थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या थरावरून आडवं सरकत डोंगराच्या कडेला बाहेर पडतं. झऱ्याच्या डोळ्यावर कुणीतरी निधीतून भक्कम काँक्रीटची टाकी बांधून दिली होती. दिसायला सुरेख. वाडीतल्या लोकांनी टाकीच्या भिंतींना तडे शोधून सिमेंट भरलं होतं, तळाला दुसऱ्यांदा गिलावा केला होता. मी आधी टाकीकडे बघितलंच नाही. कधीपासून कमी झालं ते विचारलं. टाकी झाल्यापासून, पुढच्याच उन्हाळ्यात. मग टाकीच्या खालच्या अंगाने चालत गेले. पन्नासेक पावलांवर एका वावरात पूर्वी नसलेली ओल होती, त्यात कर्दळ माजलेली. मालक म्हणाला, हे नवंच आहे.

टाकीचा बाहेर जाणारा पाइप झऱ्याच्या मूळ डोळ्यापेक्षा दोन हात वर बसवला होता. जास्त साठा मिळावा हा हेतू. पण त्यामुळे टाकी भरली की दोन हात पाण्याचा दाब उलटा झऱ्यावर बसायचा. झरा कोंडला गेला आणि पाण्याने डोंगराच्या पोटातून दुसरी, सोपी वाट काढली. टाकीला कितीही गिलावा केला असता तरी त्याचा काही उपयोग नव्हता. आम्ही भिंत फोडून पाइप डोळ्याच्या खाली घेतला, साठवणीची टाकी उताराला वेगळी बांधायला सांगितली. महिन्याभरात मूळ धार भरली आणि वावरातली कर्दळ सुकू लागली.

हे सगळं मी मामांना गाळ्यावर जाऊन सांगितलं. जांभा, मातीचा थर, दाब, सगळं. ते एका ट्रॅक्टरचं पॅकिंग कापत होते. कापणं न थांबवता म्हणाले, "म्हंजे ब्रीदर बुजलावता म्हना की."

भूशास्त्रात मी पदव्युत्तर पदवी घेतली आहे. झरा बांधताना पाण्याची पातळी मूळ डोळ्याच्या वर जाऊ देऊ नये, हा नियम मला परीक्षेत विचारला असता तर लिहिता आला असता. पण टाकीकडे पाठ करून आधी "कधीपासून?" असं विचारायचं आणि ओल दिसते तिथून वर आणि मागे जायचं, हे मला उद्यमनगरात पोत्यावर पडून आलं.

मामांचे गुडघे आता साथ देत नाहीत. गाडीखाली बारक्या सरकतो. त्याचं आता लग्न झालं आहे, पण नाव तेच. मामा खुर्चीवर बसून प्रश्न विचारतात. नव्या गाड्या येतात, त्यांना बारक्या स्कॅनर लावतो. यंत्र कोड दाखवतं. मामा म्हणतात, बरं झालं, आता तो कोड का आला ते बघा. पावडरीचा डबा अजून फळीवर आहे. बघायचे पैसे अजून नाहीत.

माझी अडचण वेगळीच आहे. माझं पोट भरतं ते नेमकं बघण्यावर. आमच्या संस्थेच्या प्रत्येक बिलाची पहिली ओळ 'प्राथमिक पाहणी' अशी असते आणि तिच्यापुढे आकडा असतो. तो आकडा नसेल तर माझा पगार नाही. म्हणजे ज्याच्याकडून बघायला शिकले त्याने ते कधी विकलं नाही, आणि मी विकते. यावर मी विचार करून पाहिला आहे. मामांना यात काही वावगं वाटत नाही. "तुमचं बघनं म्हंजे डोंगार चढायचा, माझं पोत्यावर निजायचं," असा त्यांचा खुलासा. पण ते गावं पाठवत राहतात. कुणाच्या ट्रॅक्टरखाली बसून बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला की चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता निरोप, 'मामांनी सांगितलंय'. मला तो पुरतो. अशा गावांच्या बिलात पाहणीपुढे शून्य येतं आणि 'सवलतीचे कारण' या रकान्यात मी 'मामा' असं लिहिते.

गेल्या लेखापरीक्षणात ऑडिटरने त्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, ही मामा योजना केंद्राची की राज्याची? आमच्या हिशेबनीस बाईंनी वर न बघता उत्तर दिलं, "उद्यमनगरची."